वाचकांचे प्रश्न : मागे पडलेला विद्यार्थी परत कसा येतो?

ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांविषयी आलेली पत्रं यंदा अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या पट्ट्यातली आहेत. प्राध्यापक लिहितात, पोरांना रसच नाही. पोरं लिहितात, दोन आठवडे चुकले, आता जाऊन काय करू? आमच्या मते दुसरं म्हणणं जास्त खरं आहे. ऑनलाइन कोर्समधून विद्यार्थी कंटाळून जातो त्यापेक्षा मागे पडून जास्त जातो. पुढची उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : बी.ए. द्वितीय वर्षाला अर्थशास्त्राचा ऑनलाइन कोर्स घेते. नोंदणी ६२ जणांची. पहिल्या आठवड्यात पन्नासेक येतात, पाचव्यापर्यंत पंधरा उरतात. शिकवण्यात काय बदलू?
— प्राध्यापिका, दर्यापूर तालुका

उत्तर : शिकवणं नंतर बदला, आधी नोंद बदला. गूगल मीटवर किती जण आले याची हजेरी फार काही सांगत नाही. लिंक उघडून फोन खिशात टाकला तरी माणूस हजर दिसतो. दर आठवड्याला एकच छोटं काम द्या. दहा-पंधरा मिनिटांत होईल असं, पाच प्रश्नांचं किंवा अर्ध्या पानाचं. मुदत शनिवारी रात्री. रविवारी यादी काढायची ती न दिलेल्यांची. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर प्रत्येक कामाला 'ॲक्टिव्हिटी कम्प्लिशन' चालू करा, अहवालात कोणाची खूण नाही ते एका नजरेत कळतं. गूगल क्लासरूममध्ये 'मिसिंग' दिसतं. यांपैकी काहीच नसेल तर चौकटीची वही पुरे.

एक काम चुकलं की त्या विद्यार्थ्याला एकट्याला मेसेज करा, ग्रुपवर नको. सलग दोन चुकली की फोन करा. दुसऱ्या चुकीनंतर मेसेजचा उपयोग होत नाही, कारण तोवर पोरगा शरमेने तुमचं नाव दिसलं तरी चॅट उघडत नाही. फोनवरचं पहिलं वाक्य महत्त्वाचं. 'वर्गाला का येत नाहीस?' म्हटलं की उत्तर मिळतं, 'रेंज नव्हती मॅडम.' ते खरं असो वा नसो, बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा, 'कुठं अडून राहिलं तुझं?' मग खरं बाहेर येतं: पासवर्ड विसरला, फोन भावाकडे आहे, लवचिकतेचं सूत्रच कळलं नाही, किंवा कापूस वेचणीला जातो. यातली पहिली तीन कारणं त्याच फोनवर सुटतात.

साठेक जणांच्या वर्गात आठवड्याला आठ-दहा फोन होतात. प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर अर्धा तास. एका लाइव्ह तासाच्या तयारीपेक्षा हा वेळ कमीच आहे.

फोन करूनही बरेच जण परततात आणि पुन्हा गळतात. याला कारण आपणच लावलेली अट असते: 'आधी मागचं सगळं पूर्ण कर.' चार आठवड्यांचं साचलेलं काम पुढ्यात ठेवलं की कोणीही हात टेकतो. म्हणून प्रत्येक घटकासाठी परत येणाऱ्यांचं एक पान तयार ठेवा. घटकातल्या तीन कल्पना दोन-तीन ओळींत, त्यांवर पाच प्रश्न आणि खाली स्पष्ट सूचना: 'एवढं करून थेट या आठवड्याच्या कामाला लाग. मागचे व्हिडिओ नंतर पाहिले तरी चालतील.' सोबत गुणांची सोयही हवी. दहा कामांपैकी चांगली आठच धरायची, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगा. मग दोन आठवडे बुडाले म्हणून सगळं बुडालं असं कोणाला वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रमातलं काही शिकवू नका, हेही सुचवतो. त्या आठवड्याचं काम म्हणजे एक फॉर्म. फोन स्वतःचा की घरातला? हाती कधी येतो? रेंज घरात मिळते की बाहेर जावं लागतं? रोजचा डेटा किती? गावात बहुधा वीज कधी जाते? शेतीकामाचे दिवस कोणते? या उत्तरांवर तासाची वेळ ठरवा. आणखी एक गोष्ट आपोआप तपासली जाते. ज्याला हा फॉर्मच भरता आला नाही तो लॉगिनवर अडलेला आहे आणि त्याला पहिल्याच आठवड्यात हाताशी धरायचं आहे.

प्रश्न : कॅमेरे बंद, माइक बंद. 'समजलं का?' विचारलं की दोन जण 'येस सर' टाइप करतात. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.
— सहायक प्राध्यापक, पुसद

उत्तर : कॅमेऱ्याचा आग्रह सोडा. रोजचा दीड जीबी दिवसभर पुरवायचा असेल तर तासभराचा व्हिडिओ कॉल परवडत नाही. शिवाय एका खोलीच्या घरात मागे आई स्वयंपाक करत असताना कोणती मुलगी कॅमेरा लावेल?

'समजलं का?' हा प्रश्नच नव्हे, कारण त्याला 'हो' म्हणायला काहीही समजावं लागत नाही. मागणी-पुरवठा शिकवताना असं विचारा: 'तालुक्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी दिवाळीच्या तोंडावर एकाच आठवड्यात कापूस विकायला काढला. व्यापारी तेवढेच आहेत. भाव चढेल, उतरेल की तसाच राहील? एका ओळीत कारण लिहा.' मग सांगा, 'उत्तर चॅटमध्ये टाइप करा, पण पाठवू नका.' घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. ही शांतता शिक्षकालाच सोसत नाही आणि तो चाळीस सेकंदांत स्वतः उत्तर देऊन मोकळा होतो. तेवढं टाळा. दोन मिनिटांनी 'आता पाठवा' म्हटलं की सगळी उत्तरं एकदम येतात. हुशार पोराचं पाहून उतरवायला कोणाला वेळ मिळत नाही, आणि चुकलेलं उत्तरही गर्दीत लपतं, त्यामुळे भीती कमी होते. त्यातली दोन परस्परविरोधी उत्तरं उचला आणि नावं न घेता त्यांच्यावरच बोला.

लाइव्ह तास चाळीस मिनिटांपुढे नेऊ नका. त्यात असे तीन प्रश्न बसवा, पहिला पाचव्या मिनिटाच्या आत. सुरुवातीच्या पाच मिनिटांत काही करावं लागलं नाही तर या तासाला नुसतं ऐकायचं असतं, असं पोरं गृहीत धरतात, आणि मग विसाव्या मिनिटाला विचारलेल्या प्रश्नाला जवाब येत नाही. उत्तरं वऱ्हाडीत आली तर येऊ द्या. 'भाव पडन, काहून का माल लय आला' हे उत्तर बरोबर आहे. प्रमाण भाषा परीक्षेच्या सरावात पाहता येईल.

प्रश्न : मी तासाचं पूर्ण रेकॉर्डिंग टाकतो, ५५ मिनिटांचं. आकडे पाहिले तर पाच-सात मिनिटांपुढे कोणी जात नाही. विषय सोपा करूनही फरक नाही.
— प्राध्यापक, वाशीम जिल्हा

उत्तर : विषयाचा दोष नाही. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती. पाहणाऱ्यांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकतं आणि लांब व्हिडिओ अर्ध्याआधीच सोडले जातात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे यात डेटाची भर पडते. १ एमबीपीएस दराने रेकॉर्ड झालेला तुमचा ५५ मिनिटांचा तास सुमारे ४१२ एमबीचा होतो.

तो तास तोडून तुकडे करू नका. मध्येच 'मघाशी सांगितलं तसं' आणि 'आवाज येतोय का?' राहून जातं. नव्याने बोला. एका व्हिडिओत एकच कल्पना, सहा ते आठ मिनिटं. सुरुवातीला 'नमस्कार, मागच्या भागात आपण' नको, थेट प्रश्नाने सुरू करा. शेवटी एक प्रश्न द्या आणि त्याचं उत्तर पुढच्या व्हिडिओत.

फाइल हलकी करायला हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. स्लाइडवर बोललेल्या व्हिडिओसाठी ४८० पिक्सेल उंची, फ्रेम रेट १० (सेकंदाला दहा चित्रं), सरासरी व्हिडिओ बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) १८० केबीपीएस, आवाज मोनो ४८ केबीपीएस. आठ मिनिटांची फाइल सुमारे १४ एमबी होते. स्लाइडवरचं अक्षर जाड आणि ३२ पॉइंटच्या वर ठेवा, एका स्लाइडवर पाच ओळींपेक्षा जास्त नको. तरच ४८० पिक्सेलमध्ये फोनवर वाचता येतं. संगणकावर सुंदर दिसणारं तीन रकान्यांचं कोष्टक फोनवर मुंग्यांची रांग होतं. ज्यात हात किंवा उपकरण हलताना दाखवायचं आहे, म्हणजे प्रयोगाचा व्हिडिओ, त्याला १० फ्रेम पुरत नाहीत. तिथे २५ ठेवा आणि बिटरेट दुप्पट-तिप्पट करा.

त्याच व्हिडिओचा नुसता आवाज ३२ केबीपीएस मोनोमध्ये वेगळा काढा. आठ मिनिटांचे जेमतेम २ एमबी होतात. एसटीत, शेतात, वीज नसताना हाच ऐकला जातो. मात्र तो ऐकून कळायला हवा. 'इथे बघा, हा जो बाण आहे' असं बोललात तर तो फुकट गेला.

अंधुक चित्र माणूस चालवून घेतो, खरखरता आवाज घेत नाही. फोनचा माइक लांब राहतो म्हणून कॉलरला लावायचा वायरचा साधा माइक घ्या. तो तोंडापासून वीतभर खाली लावा. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. टिनाच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग करू नका, तो आवाज नंतर निघत नाही. आधी अर्धा मिनिट बोलून हेडफोनने ऐका, मगच पुढे जा.

प्रश्न : मी एटापल्ली तालुक्यातली. गावात रेंज नाही. आठवडी बाजाराला गेल्यावर तासभर मिळते, तेवढ्यात व्हिडिओ पाहू की प्रश्नपत्रिका सोडवू? क्विझची वेळ निघून गेलेली असते. सर म्हणतात, कारणं सांगू नको.
— बी.एस्सी. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : रेंजच्या तासात पाहायचं काहीच नाही, फक्त उतरवून घ्यायचं आणि पाठवायचं. कॉलेजचं मूडल असेल तर ब्राउझरऐवजी मूडलचं ॲप वापर. रेंज आली की आधी मागच्या आठवड्याचं केलेलं काम 'सिंक' कर, मग या आठवड्याचा भाग डाउनलोडच्या खुणेवर बोट ठेवून उतरवून घे. क्रम उलटा करू नकोस. डाउनलोडमध्येच वेळ किंवा बॅटरी संपली तर केलेलं काम पाठवायचं राहून जातं. यूट्यूब ॲपमध्ये साठवलेला व्हिडिओ काही काळाने पुन्हा इंटरनेट मागतो, त्यामुळे सरांकडे लिंकऐवजी फाइलच माग. घरी डीडी फ्री डिश असेल तर स्वयम प्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या इंटरनेटशिवाय दिसतात. तुझा अभ्यासक्रम तंतोतंत मिळणार नाही, पण मूलभूत विज्ञानाला उपयोग होतो.

आता दोन शब्द तुझ्या सरांसाठी, हे पान त्यांना दाखव. मूडलमध्ये क्विझच्या सेटिंगमध्ये ॲपमधून ऑफलाइन सोडवायला परवानगी देता येते, ती मुळात बंद असते. ती चालू करताना तीन अटी पाळाव्या लागतात: वेळमर्यादा लावायची नाही, प्रश्नांचं वर्तन 'डिफर्ड फीडबॅक' (बरोबर-चूक क्विझ दिल्यानंतरच दाखवणारं) ठेवायचं, आणि आयपी पत्त्याचं, म्हणजे ठरावीक नेटवर्कवरूनच सोडवायचं, बंधन नको. यातलं एक जरी राहिलं तरी पोरीला ॲपमध्ये क्विझ ऑफलाइन सुरूच करता येत नाही आणि आपण समजतो की तिने टाळली. मुदत एका संध्याकाळची न ठेवता आठ दिवसांची ठेवली की प्रत्येकाच्या गावचा बाजाराचा दिवस त्यात एकदा येतोच. आठवड्याचं सगळं साहित्य सोमवारी एकदम टाका. रोज थोडं थोडं टाकणं शहरातल्या पोरांना सोयीचं, इथे त्याने पाच दिवसांचं साहित्य हुकतं.

प्रश्न : स्वयमवर आमच्या ४० मुलांनी नाव नोंदवलं, परीक्षा दिली चौघांनी. बाकीचे म्हणतात, आम्हाला माहीतच नव्हतं.
— स्वयम समन्वयक, महाविद्यालय, वर्धा जिल्हा

उत्तर : ते बहुधा खरं बोलत आहेत. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर कोर्सला नाव घालणं मोफत आणि परीक्षेची नोंदणी वेगळी, शुल्कासह, वेगळ्या मुदतीत. पहिलं बटण दाबलं की सगळं झालं असा समज होतो. दुसरी मुदत सत्राच्या मध्यावर कधीतरी येऊन जाते आणि सूचना जाते ई-मेलवर, जो आपली मुलं उघडत नाहीत.

एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांनी स्वयमवर चालवलेल्या, कोर्समध्ये तर गणित आधीच समजावं लागतं. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के भार. उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. म्हणजे असाइनमेंट सोडलेला मुलगा परीक्षेत कितीही चमकला तरी प्रमाणपत्र नाही. हे आठव्या आठवड्यात सांगून फारसा उपयोग नसतो, तोवर आठ असाइनमेंट भरून निघण्यासारख्या राहत नाहीत.

असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री असते. म्हणून मंगळवारी दुपारी कॉलेजच्या संगणक कक्षात एक तास ठेवा. शिकवायचं नाही, नुसतं बसून सोडवायचं. वीज गेली तर बुधवारचा दिवस हातात राहतो. ज्या दिवशी परीक्षेची नोंदणी उघडते त्याच आठवड्यातला तास फक्त फॉर्म भरायला द्या: फोटो, सही आणि शुल्क भरण्याचं साधन सोबत आणायला सांगून. परीक्षा केंद्र निवडताना जाण्या-येण्याची एसटी पाहूनच शहर निवडायला सांगा. सकाळच्या सत्राला पोचणारी गाडी नाही म्हणून परीक्षा बुडते.

आणखी एक काम प्राचार्यांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण ते श्रेयांक (क्रेडिट) कोणत्या विषयाच्या जागी धरायचे हे आधी ठरवावं लागतं. तो ठराव सत्राच्या आरंभी सूचना फलकावर लावा. श्रेयांक मिळणार की नुसता कागद, हे कळल्याशिवाय तिसऱ्या आठवड्यानंतर कोणी राबत नाही, आणि का राबावं?

प्रश्न : एकाने लिहायचं, चाळिसांनी उतरवायचं. आता तर एआयकडून लिहून आणतात. गृहपाठ देणंच बंद करावं का?
— प्राध्यापक, अकोट

उत्तर : बंद करू नका, प्रश्न असा द्या की शेजाऱ्याचं उत्तर लागूच पडणार नाही. सांख्यिकीत 'मध्य आणि प्रमाण विचलन म्हणजे काय?' विचारलं तर नक्कल येणारच. त्याऐवजी प्रत्येकाला एक बाजार समिती आणि एक पीक वाटून द्या. अकोटचा कापूस, हिंगणघाटचा कापूस, वाशीमचं सोयाबीन, खामगावची तूर. दहा दिवसांचे भाव उतरवून मध्य व प्रमाण विचलन काढायचं, हाताने केलेल्या आकडेमोडीचा फोटो पाठवायचा आणि सोबत एक मिनिटाचा आवाज: 'भाव जास्त हलला तो दिवस कोणता आणि विचलनावर त्याचा काय परिणाम झाला?' कागद दुसऱ्याकडून करून घेता येतो, पण तो एक मिनिट बोलताना कच्चेपणा लगेच ऐकू येतो. चाळीस मिनिटांत चाळीस ऐकून होतात.

क्विझसाठी प्रत्येक घटकाचे वीस प्रश्न बनवून त्यांतले पाच यादृच्छिक येऊ द्या, दोनदा सोडवायची मुभा द्या. गुण कमी ठेवा. दोन-तीन गुणांसाठी नक्कल करायची खटपट फारसं कोणी करत नाही, आणि आठवून उत्तर देण्याने लक्षात राहतं, हा फायदा गुणांपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवर मुली काहीच बोलत नाहीत.
— प्राध्यापिका, मोर्शी

उत्तर : ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो आणि रात्री नको ते मेसेज येऊ लागतात, हे मुली वर्गात सांगत नाहीत. कम्युनिटी बनवून तिच्या सूचना-विभागात सगळे घाला, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चर्चेसाठी सहा-सात जणींचे वेगळे गट करा, कोण कोणासोबत हे त्यांना ठरवू द्या. उत्तराची मुदत रात्री ११ पर्यंत असू द्या, घरातला एकमेव फोन बहुतेकींच्या हाती जेवणं आटोपल्यावरच येतो.

प्रश्न : ऑक्टोबर ते डिसेंबर वर्ग रिकामा. सोयाबीन, मग कापूस वेचणी, मध्ये दिवाळी. काय उपाय?
— प्राध्यापक, राळेगाव

उत्तर : त्या दिवसांत नवा अवघड घटक सुरू न करणं, एवढाच. तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढून घ्या. सोंगणी आणि वेचणीच्या आठवड्यांत फक्त ऐकायची ध्वनिफीत आणि पाच प्रश्न ठेवा, लाइव्ह तास आठवड्यातून एकच आणि तोही संध्याकाळी सातनंतर. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा कोरा सोडा, त्यात परत येणाऱ्यांचं पान सगळ्यांकडूनच करून घ्या. धानपट्ट्यात कापणीनुसार हेच वेळापत्रक मागेपुढे होईल, आणि उन्हाळी सत्र असेल तर गडचिरोली-मेळघाटाकडे मोहफुलं आणि तेंदूपानांचे दिवस धरावे लागतील. पहिल्या आठवड्यातल्या फॉर्ममध्ये शेतीकामाच्या दिवसांचा प्रश्न विचारायचा तो यासाठी.